आधी माप, मग कातर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं सहज विचारलं, "मामू, अम्मी म्हणत होती, तुम्ही पण कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कुठली लँग्वेज शिकलात?" मी म्हटलं, "पास्कल." मोबाइलवरची तिची नजर वर आली. "ही कुठली? आम्हाला सी आहे, पुढं पायथन आणि जावा आहे. पास्कलला नोकरी कुठं मिळते?"

आता मी पडलो कविता करणारा बी. ए. मला पास्कलनं नोकरी दिली नाही, हे खरंच आहे. त्यामुळं तिला त्या वेळी धड उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आज तुमच्यासमोर द्यायचा प्रयत्न करतो. कारण 'मुलांना कुठली लँग्वेज शिकवावी' हा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो आणि त्यापायी आईबाप बरेच पैसेही मोजतात.

माझ्यासाठी ते माझ्या अब्बांनी मोजले होते. मी १९९१ साली बी. ए. झालो. गावात नुकताच एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. अब्बा शिंपीकाम करत. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या दुकानात रात्रभर मशीन चाले. त्या शिलाईतून त्यांनी माझी फी बाजूला काढली. क्लासमध्ये संगणक चार आणि मुलं वीस. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास यायचा. म्हणून सर सांगत, "प्रोग्रॅम घरून वहीत लिहून आणा. इथं येऊन विचार करत बसाल तर वेळ संपेल." ही वहीची सक्ती गरिबीतून आलेली होती. पण ज्या माणसानं पास्कल भाषा तयार केली, त्यालाही नेमकं हेच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

संगणकाची भाषा म्हणजे काय, हे आधी पाहू. यंत्राला शून्य आणि एक यांपलीकडं काही कळत नाही. सुरुवातीला माणसं त्याच्याशी त्याच अंकांत बोलत. ते अतिशय किचकट होतं. मग माणसाला लिहिता-वाचता येतील अशा सांकेतिक भाषा तयार झाल्या आणि त्या भाषेतला मजकूर यंत्राच्या अंकांत उतरवणारे भाषांतरकार प्रोग्रॅम तयार झाले. या भाषांतरकाराला कंपायलर म्हणतात. १९५७ साली आयबीएम कंपनीची फोरट्रान भाषा आली, ती शास्त्रज्ञांच्या आकडेमोडीसाठी. १९६० च्या सुमारास कोबॉल आली, ती व्यापारी हिशेबासाठी.

याच काळात युरोप आणि अमेरिकेतल्या काही जाणकारांना वाटलं, की एका कंपनीच्या यंत्राला बांधलेली नसेल अशी सर्वांची एक भाषा असावी. १९५८ साली ते झुरिकला जमले आणि जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा जणांची बैठक झाली. त्यातून 'अल्गोल ६०' ही भाषा निघाली. अल्गोल म्हणजे अल्गोरिदमची भाषा. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी नावाचे थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्याचं लॅटिन भाषांतर करताना त्यांच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं आणि त्यावरून पायरीपायरीनं उत्तर काढण्याच्या रीतीला अल्गोरिदम म्हणू लागले. भारतातले अंक बगदादला गेले, बगदादचं नाव युरोपात गेलं आणि फिरून ते एका भाषेचं नाव झालं. हा प्रवास वाचला तेव्हा मला मोठी गंमत वाटली.

अल्गोलचं मोठेपण कशात होतं? जॉन बॅकस आणि पीटर नाउर या दोघांनी तिचं व्याकरण थोड्या नेमक्या सूत्रांत मांडून दाखवलं. कुठलं वाक्य शुद्ध आणि कुठलं अशुद्ध, यावर वाद उरला नाही. व्याकरणाची सूत्रं म्हटल्यावर आपल्याला पाणिनी आठवतो आणि संगणकाच्या अभ्यासकांनाही तो आठवला होता. पण अल्गोल मोठ्या प्रमाणावर वापरात आली नाही. कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी फोरट्रान आणि कोबॉलच धरून ठेवल्या. अल्गोलचं पुढं काय करायचं, हे ठरवायला आंतरराष्ट्रीय समिती बसली. त्या समितीत एक तरुण स्विस माणूस होता, निकलाउस विर्ट.

विर्ट यांचा जन्म १९३४ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचा. झुरिकच्या तंत्रशास्त्र संस्थेत शिकून ते आधी कॅनडाला आणि मग अमेरिकेला गेले. तिथं बर्कलीत डॉक्टरेट केली, स्टॅनफर्डला शिकवलं आणि १९६८ साली झुरिकच्या संस्थेत परतले. त्यांच्या नावाचा एक विनोद संगणकवाल्यांत सांगतात. अल्गोलमध्ये एका प्रक्रियेला माहिती पुरवण्याच्या दोन रीती होत्या. एक नावानं आणि दुसरी मूल्यानं. युरोपात लोक त्यांना नावानं हाक मारत, 'निकलाउस विर्ट'. अमेरिकन उच्चारात त्याचं 'निकल्स वर्थ' होई, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याएवढं मोल असलेला. म्हणजे युरोप त्यांना नावानं बोलावतो आणि अमेरिका मूल्यानं!

समितीपुढं विर्ट आणि इंग्लंडचे टोनी होअर यांनी अल्गोलची थोडी सुधारलेली, आटोपशीर आवृत्ती १९६६ साली मांडली. समितीला ती फार साधी वाटली. तिला काहीतरी भव्य हवं होतं. त्यातून 'अल्गोल ६८' ही भाषा निघाली. ती विलक्षण ताकदीची होती, पण तिचं वर्णन इतकं अवघड होतं की समितीतल्याच काही मान्यवरांनी आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं. विर्ट तोवर बाहेर पडले होते. झुरिकला बसून त्यांनी आपली छोटी भाषा पुरी केली आणि १९७० साली ती जाहीर केली. तिला त्यांनी सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांचं नाव दिलं. पास्कल यांचे वडील करवसुलीचे अधिकारी होते. त्यांचा बेरीज-वजाबाकीचा त्रास वाचावा म्हणून या मुलानं १६४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आकडेमोडीचं यंत्र बनवायला घेतलं. बापाच्या कामाला मुलाची विद्या उपयोगी पडली, अशी ही गोष्ट. माझ्या बाबतीत ते उलटं झालं. बापाच्या कामामुळं मला ही विद्या कळली. ते कसं, ते सांगतो.

विर्ट यांचे पास्कलमागचे दोन हेतू होते. एक, विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहिण्याची शिस्तशीर रीत शिकवता यावी. दोन, असं शिकवताना भाषा यंत्रावर संथ चालू नये. पहिली सवय हातात बसते ती सहसा सुटत नाही, म्हणून पहिली भाषा स्वच्छ हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या दुकानात अब्बांची एक मापाची वही होती. गिऱ्हाइकाचं नाव, उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. एवढे रकाने भरल्याशिवाय अब्बा कापडाला कातर लावत नसत. एकदा मी गळ्याचं माप लिहायला विसरलो, तर त्यांनी मला त्या गिऱ्हाइकाच्या घरी पाठवलं. अंदाजानं भागवलं नाही.

पास्कलचा प्रोग्रॅम असाच सुरू होतो. जी जी नावं पुढं वापरायची, ती आधी वर लिहायची आणि प्रत्येक नावात काय राहणार हेही सांगायचं. पूर्णांक, दशांशाचा आकडा, एखादं अक्षर, की नुसतं खरं-खोटं. पूर्णांकाच्या नावात अक्षर टाकायला गेलात तर कंपायलर तिथंच थांबवतो. त्याहून पुढं जाऊन मर्यादाही सांगता येते. 'तारीख' या नावात फक्त १ ते ३१ एवढेच आकडे राहतील, असं आधी लिहून ठेवता येतं. आणि अब्बांच्या वहीतल्या ओळीसारखी, नाव, उंची, छाती, कंबर अशी एकत्र बांधलेली नोंदही करता येते. पास्कलमध्ये तिला 'रेकॉर्ड' म्हणतात.

क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी एक नाव वर न लिहिता खाली वापरलं. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, 'अननोन आयडेंटिफायर'. सर म्हणाले, "ओळख करून दिलीस का त्याची? मग तो कसा ओळखणार?"

दुसरी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. शाळेत आपण 'क्ष बरोबर पाच' लिहितो, तेव्हा ते विधान असतं. पण संगणकात पुष्कळदा हुकूम द्यायचा असतो, की क्षच्या जागी आता पाच ठेव. 'समान आहे' आणि 'समान कर' यांत फरक आहे. फोरट्राननं दोन्ही बाबतींत घोळ नको म्हणून तुलनेसाठी वेगळी अक्षरं वापरली, पण हुकुमाला गणितातलं बरोबरचं चिन्हच दिलं. त्यामुळं 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' असं गणितात वेडगळ दिसणारं वाक्य तिथं चालतं. अल्गोलनं आणि तिच्यामागून पास्कलनं हुकुमासाठी वेगळं चिन्ह ठेवलं. आधी दोन टिंबांचा अपूर्णविराम आणि लगेच बरोबर. नुसतं बरोबर म्हणजे तुलना. सी भाषेत हुकुमाला एक बरोबर आणि तुलनेला दोन बरोबर लागतात. घाईत एक चिन्ह राहिलं, की तपासायच्या जागी बदल होतो आणि कंपायलर ते वाक्य शुद्ध म्हणून पास करतो. अशा एका चिन्हापायी रात्री जागवलेले लोक पुष्कळ भेटतील.

तिसरी गोष्ट विरामचिन्हांची. पास्कलमध्ये दोन आज्ञांच्या मध्ये अर्धविराम येतो. आज्ञांचा गट 'बिगिन' आणि 'एंड' या दोन शब्दांत बांधलेला असतो. आणि सगळा प्रोग्रॅम संपला की शेवटच्या 'एंड'नंतर पूर्णविराम. मला हे फार आवडलं. पानभर लिहिलेलं सगळं मिळून एक वाक्य आहे आणि ते इथं पुरं झालं, असं त्यातून वाटायचं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पास्कलला 'प्रोसीजरल', म्हणजे कार्यपद्धतीवर चालणारी भाषा म्हणतात. अब्बांना कुणी 'सदरा शिवा' म्हटलं, की त्यात चार कामं येतात. माप घेणं, कापणं, शिवणं, काज-बटण. त्यातल्या शिवण्याचे परत भाग होतात. बाही, गळपट्टी, खिसा. दुकानातला नवा मुलगा फक्त बाही शिकतो. त्याला गळपट्टीचं काही माहीत असावं लागत नाही. पास्कलमध्ये अशा प्रत्येक कामाला नाव देऊन त्याची वेगळी 'प्रोसीजर' लिहितात. मोठं काम लहान कामांत, लहान काम आणखी लहानांत मोडत जायचं, इतकं की प्रत्येक तुकडा डोळ्याखालून घालून तपासता यावा. ही रीत विर्ट यांनी १९७१ सालच्या एका प्रसिद्ध लेखात बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर मांडण्याचं कोडं सोडवून समजावली.

याच्या उलट रीत 'गोटू'ची. गोटू म्हणजे 'त्या ओळीवर जा'. प्रोग्रॅम वाटेल तिथून वाटेल तिथं उड्या मारत राहतो आणि वाचणाऱ्याला धागा सापडत नाही. मार्च १९६८ मध्ये डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी या गोटूविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केलं. 'गोटू घातक आहे' अशा अर्थाचा त्याचा मथळा फार गाजला. तो मथळा लेखकानं दिलेला नव्हता. संपादकानं दिला होता आणि ते संपादक होते विर्ट. पास्कलमध्ये गोटू ठेवलेला होता, पण भाषेची घडणच अशी की त्याची गरज क्वचित पडावी.

मग ही भाषा जगभर पसरली कशी? कंपायलर लिहिण्याचा पहिला प्रयत्न फोरट्रानमध्ये झाला आणि फसला. तेव्हा विर्ट यांच्या मंडळींनी पास्कलचा कंपायलर पास्कलमध्येच लिहिला. तो पहिल्यांदा चालवायला कंपायलर कुठून आणायचा? म्हणून एकदा त्याचं हातानं भाषांतर केलं. त्यानंतर तो स्वतःच स्वतःचं भाषांतर करू लागला. पुढं त्यांनी आणखी एक युक्ती केली. प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी वेगळा कंपायलर लिहिण्याऐवजी एका काल्पनिक यंत्राची भाषा ठरवली. कंपायलर त्या भाषेत मजकूर उतरवणार आणि ज्याच्याकडं जे यंत्र असेल त्यानं ते काल्पनिक यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम आपल्यापुरता लिहायचा. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो विद्यापीठात केनेथ बोल्स यांच्या गटानं हीच वाट धरून पास्कल लहान संगणकांवर नेलं. १९९५ साली जावा आली, तिच्या मुळाशीही काल्पनिक यंत्राची हीच कल्पना होती.

नोव्हेंबर १९८३ मध्ये बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल आलं. ते लिहिणारा अँडर्स हेल्सबर्ग हा डेन्मार्कचा तरुण. तेव्हा कंपायलरला शेकडो डॉलर पडत. हे पन्नास डॉलरला पाच सेंट कमी एवढ्यात मिळे. लिहायची पाटी, कंपायलर आणि चुका दाखवणं सगळं एकाच ठिकाणी. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा मुख्य प्रोग्रॅम ४० किलोबाइटहून लहान होता. आज सकाळी मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा फुलांचा फोटो बहुधा त्याहून जड असतो. आमच्या क्लासात सर खिशातून फ्लॉपी काढत ती टर्बो पास्कलचीच.

त्या काळात पास्कल केवळ वर्गातच राहिलं नव्हतं. अॅपल कंपनीच्या १९८३ सालच्या लिसा संगणकाचा बराचसा प्रोग्रॅम पास्कलमध्ये होता. गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून डोनल्ड नुथ यांनी तयार केलेलं 'टेक' १९८२ साली पास्कलच्या आधारानं नव्यानं लिहिलं गेलं. फोटोशॉपची १९९० सालची पहिली आवृत्तीही मुख्यतः पास्कलमध्येच लिहिलेली होती. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर संगणकशास्त्राची जी प्रगत परीक्षा होते, तिची भाषा १९८४ ते १९९८ पास्कल होती. त्याच वर्षी, म्हणजे १९८४ साली, विर्ट यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

मग पास्कल मागं का पडलं? त्यात उणिवा होत्या आणि त्या खऱ्या होत्या. बेल प्रयोगशाळेतले ब्रायन कर्निगन यांनी १९८१ साली त्या एका लेखात मांडल्या. मूळ पास्कलमध्ये दहा आकड्यांची यादी आणि वीस आकड्यांची यादी हे दोन वेगळे प्रकार ठरत. त्यामुळं दहांची बेरीज करणारी प्रोसीजर वीसांना चालत नसे. शब्द आणि वाक्यं हाताळणंही अवघड जाई. जो तो कंपायलरवाला या उणिवा आपापल्या परीनं भरून काढी, त्यामुळं एकाचं पास्कल दुसऱ्याच्या यंत्रावर चालेना. त्याच वेळी सी भाषा वर आली. ती १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी तयार केली. तिच्याही वंशात मागं अल्गोलच आहे. पण सी म्हणते, लिहिणारा जाणता आहे, त्याला अडवू नका. जाणत्या माणसाला ते आवडतंच. युनिक्स या प्रणालीबरोबर सी जगभर गेली.

या मोकळेपणाची किंमत २ नोव्हेंबर १९८८ ला दिसली. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यानं सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटवरून हजारो संगणकांत शिरला. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक अशी होती. सीमध्ये लिहिलेल्या एका प्रोग्रॅमनं येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ अक्षरांची जागा ठेवली होती, पण मजकूर त्याहून लांब आला तर अडवायची सोय नव्हती. जास्तीची अक्षरं शेजारच्या जागेत सांडली आणि यंत्र त्यांनाच हुकूम समजून चालू लागलं. अब्बांच्या वहीतला एक रकाना पुढच्या गिऱ्हाइकाच्या ओळीत घुसावा तसं झालं. यादीची लांबी आधी ठरवून घेणं आणि तिच्याबाहेर पाऊल पडलं की थांबवणं, हा पास्कलचा काच वाटणारा नियम नेमका इथं कामाचा होता.

पास्कलच्या वंशावळीकडं पाहिलं तर ती बरीच फोफावलेली दिसते. विर्ट यांनी स्वतः पुढं मॉड्युला-२ केली. तिच्यात मोठ्या प्रोग्रॅमचे बंदिस्त कप्पे करता येतात. मग ओबेरॉन. अवकाशयान व्हॉयेजर १९८६ साली युरेनसच्या ओबेरॉन या चंद्राजवळून गेलं, त्यावरून हे नाव. लोकांच्या भाषा आवृत्तीगणिक फुगत जातात. विर्ट यांनी ओबेरॉनमधून मात्र मॉड्युलातल्या कितीतरी गोष्टी काढून टाकल्या. १९९५ साली त्यांनी सडसडीत प्रोग्रॅमची बाजू मांडणारा लेख लिहिला. यंत्रं जितक्या वेगानं जलद होतात, त्याहून अधिक वेगानं प्रोग्रॅम संथ होतात, हे त्यातलं निरीक्षण त्यांच्या नावानं नियम म्हणून ओळखलं जातं. नवा मोबाइल दोन वर्षांत का अडखळतो, असा प्रश्न पडणाऱ्या प्रत्येकाला तो पटेल.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आपल्यासाठी एक भाषा मागवली, तेव्हा पहिल्या फेरीतून निवडलेले चारही आराखडे पास्कलवर बेतलेले होते. त्यातून अ‍ॅडा ही भाषा झाली. टर्बो पास्कल लिहिणाऱ्या हेल्सबर्ग यांनी १९९५ साली डेल्फी आणली. पुढच्या वर्षी ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथं त्यांच्या हातून २००० साली सी-शार्प आणि २०१२ साली टाइपस्क्रिप्ट आली. गूगलच्या २००९ सालच्या 'गो' भाषेच्या तीन कर्त्यांपैकी रॉबर्ट ग्रीझेमर हे झुरिकच्याच संस्थेत शिकलेले. त्या भाषेवर ओबेरॉनची छाप आहे. म्हणजे भाचीला कॉलेजातून बाहेर पडल्यावर जी कामं मिळतील, त्यातल्या अनेकांत पास्कलची नातवंडं भेटणार आहेत.

पण भाषा कितीही शिस्तीची असली, तरी शेवटी लिहिणारा माणूस असतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी भरकटून नष्ट झालं. सोबत चार उपग्रह गेले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम अ‍ॅडामध्ये होता, म्हणजे पास्कलच्याच घरातला. तो आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला, जसाच्या तसा घेतला होता. त्यात एक मोठा आकडा ३२,७६७ पर्यंतच मावेल अशा जागेत टाकला जाई. जुन्या रॉकेटच्या वेगात तो कधी ओलांडणार नाही, असा हिशेब करून त्या ठिकाणचं संरक्षण मुद्दाम वगळलं होतं. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता. आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली आणि तिच्या जोडीला ठेवलेली दुसरी यंत्रणाही त्याच कारणानं बंद पडली. जुन्या गिऱ्हाइकाच्या मापावर नव्याचा कोट कापला. टर्बो पास्कलमध्येसुद्धा मर्यादेची तपासणी सुरू ठेवायची की नाही, हे लिहिणाऱ्याच्या हातात होतं.

१ जानेवारी २०२४ ला विर्ट गेले. नव्वदीला दीड महिना कमी होता. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत अमेरिकेच्या व्हाइट हाउसनं एक अहवाल काढला. मजकूर आपल्या जागेबाहेर सांडू देणाऱ्या भाषा सोडून, ते होऊ न देणाऱ्या भाषा वापरा, असा त्याचा सल्ला होता. १९७० साली विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी घातलेली बंधनं आता देशाच्या सुरक्षिततेसाठी मागितली जात आहेत. यात पास्कल परत येईल असं नाही. फुकट मिळणारं फ्री पास्कल आणि डेल्फी आजही वापरणारे लोक आहेत, पण नोकरीच्या जाहिरातींत ही नावं फारशी दिसत नाहीत.

म्हणून भाचीला माझं सांगणं एवढंच. कॉलेज शिकवेल ती भाषा शीक. सी शीक, पायथन शीक. भाषा बदलत राहतील. हल्ली तर तोंडी सांगितलं की यंत्र स्वतःच प्रोग्रॅम लिहून देतं, असं तूच मला दाखवलंस. पण त्यानं लिहिलेलं बरोबर आहे का, हे वाचून ठरवायला कुणीतरी लागणारच. त्यासाठी प्रत्येक नावात काय राहणार, किती मावणार, काम कुठून सुरू होऊन कुठं संपणार, हे आधी वहीत लिहायची सवय लावून घे. आणि संगणकाचा क्लास निवडताना आईबापांनीही भाषेचं नाव विचारून थांबू नये. तिथं मुलांकडून वहीत लिहून घेतात का, चूक झाली तर ती का झाली हे विचारतात का, तेवढं पाहावं.

फी वाया गेली का, असं मी एकदा अब्बांना विचारलं होतं. त्यांनी माझी ती पास्कलची वही मागून घेतली, चष्मा लावून चाळली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. वर रकाने, खाली काम, शेवटी पूर्णविराम एवढं मात्र त्यांना दिसलं. म्हणाले, "ही तर मापाची वही आहे." आणि परत मशीनवर बसले.